क्रॉसबोचा आवाज आणि लिम्बसेव्हरचे डॅम्पर

क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं धरून चाप ओढायचं धनुष्य, त्याच्या पात्यांची थरथर शोषणारे लिम्बसेव्हर कंपनीचे रबरी डॅम्पर घ्यावेत का? घ्यावेत, पण सगळ्यात शेवटी. मी अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रनजवळ राहतो आणि व्हाइटटेल हरणांच्या मोसमात, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, दोरी ताणायला 185 पौंडांचा जोर लागणारा कंपाउंड (कप्प्यांचा) क्रॉसबो वापरतो. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे. हे सगळं ओहायोतल्या परवानाधारकांसाठी.)

आवाजाचा एवढा विचार हरणासाठी करावा लागतो. 30 यार्डांवर आवाज साधारण 0.08 सेकंदात पोहोचतो, तर सेकंदाला 350 फूट जाणाऱ्या बाणाला 0.26 सेकंद लागतात. मधल्या वेळात दचकलेलं हरिण उडी घ्यायला आधी खाली दबतं. फुप्फुसावर धरलेला नेम पाठीत लागतो आणि जनावर जखमी होऊन रात्रभर तडफडतं. हे मला अजिबात मान्य नाही, म्हणून या विषयावर मी वेळही घालवतो आणि पैसेही.

बाण सुटला की दोरीतली जी ताकद बाणाबरोबर जात नाही, ती धनुष्याच्या पात्यांत, दोरीत आणि दस्त्यात थरथरत राहते. म्हणून खरा फरक पडतो तो जड बाणाने. 380 ग्रेनच्या (बाणाच्या वजनाचं छोटं एकक) बाणावरून 450 ग्रेनवर आलो, तेव्हा वेग सेकंदाला वीस-पंचवीस फुटांनी कमी झाला, पण तो कोरडा ‘फट्’ आवाज बराच दबला. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, मात्र पुन्हा शून्यावर आणावा लागतो, म्हणजे नव्या बाणाशी जुळवावा लागतो. उलट, कंपनीने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा हलका बाण कधीच लावू नका. तो जवळजवळ बाणाशिवाय चाप ओढल्यासारखाच असतो, पाती तडकू शकतात.

त्यानंतर खडखड शोधा. दोरी न ताणता क्रॉसबो हातात धरून तळव्याने हलके ठोके द्या. क्विव्हरचा (बाणांच्या भात्याचा) ब्रॅकेट, दोरी ताणताना पाय ठेवायची रिकीब, स्कोपच्या रिंगा, यातलं काहीतरी हमखास वाजतं. क्विव्हर तर मी मचाणावर बसल्यावर काढूनच ठेवतो. दोरीला मेण आणि रेलला, म्हणजे बाण सरकतो त्या पट्टीला, त्याचं वंगण, हे नेहमीचं.

आता डॅम्पर. पाती दुहेरी असतील तर मधल्या फटीत बसणारे आणि एकसंध असतील तर वरून चिकटणारे, असे प्रकार मिळतात; आपल्या पात्यांची रुंदी मोजूनच मागवा. रबर मऊ आहे, बोटाने ढकललं की लवतं आणि परत जागेवर येतं. चिकटवण्याआधी पाती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि दिवसभर हात लावला नाही. पहिल्याच बाणाला जाणवलं ते गालाखाली: दस्त्यातली ती झिणझिण जवळपास गेली. आधी एका ऑनलाइन दुकानातून बिननावाचा स्वस्त संच घेतला होता, त्याचे तुकडे थंडीत कडक होऊन गळून पडले.

पण लक्ष्याच्या बाजूने ऐकलं तर? बाणाच्या वाटेपासून लांब, जाड ओकच्या आड फोन रेकॉर्डिंगला ठेवून पाहिलं. तिथे डॅम्परमुळे मागची घरघर कमी झाली. सुरुवातीचा ठोका मात्र तेवढाच. आणि हरिण दचकतं ते त्या ठोक्याला. तो कमी करायला जड बाण आणि दोरीला अडवणारे रबरी स्टॉप जास्त उपयोगी. स्टॉप बसवताना दोरी निवांत असताना रबर तिला जेमतेम टेकलं पाहिजे, दाबून बसवलं तर नेम बिघडतो. डेसिबल मोजणाऱ्या मोफत ॲपवर विसंबू नका, इतका क्षणिक आवाज ती नीट पकडत नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. हातातल्या सुखासाठी पूर्ण पाच दिले असते, पण हरणाच्या कानापाशी फरक थोडा आहे. त्यामुळे एवढं सगळं करूनही मी 30 यार्डांपलीकडे बाण सोडत नाही, आणि हरिण कान टवकारून माझ्याकडे बघत असेल तर 20 वरही नाही.