डोळ्यांखालच्या पिशव्या: छेद बाहेरून की आतून?

पिशव्या काढायचं ठरलं, पण छेद कुठून घ्यायचा यावर मैत्रीण अडली आहे. व्रणाची चिंता तिने सोडावी. बाहेरचा पापणीच्या केसांलगत पुसट होतो, आतला खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला असतो, तो दिसतच नाही. खरा फरक पापणी खाली ओढली जाण्यात आहे. बाहेरच्या छेदात हा धोका जास्त. मग डोळा पुरता मिटत नाही, कोरडा पडतो, चुरचुरतो. कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. आतून हा धोका कमी, पण सैल कातडी तशीच राहते. सूज, काळंनिळं दोन्ही छेदांत, साधारण 2 आठवडे. अचानक तीव्र वेदना, डोळा पुढे येणं, अंधुक दिसणं, यात मात्र छेद कुठलाही असो, तडक इस्पितळ गाठायचं.

नुसती चरबी फुगली असेल तर आतून. कातडी लोंबत असेल तर बाहेरून, पण पापणी किती सैल आहे ते आधी तपासून.