फिश टँकची मधली पट्टी बदलून घेतली: काम पक्कं, ओरखडा फुकट

आमचा ४ फुटी टँक, ४ बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास पाणी आणि त्यात दोन ऑस्कर मासे. घर बदलताना सामान उचलणाऱ्या पोराने मधल्या पट्टीलाच (वर मध्यावर पुढची आणि मागची काच धरून ठेवणारी आडवी काचेची पट्टी) हँडल समजून हात घातला, तेव्हा काही झालं नाही पण महिन्याभराने रात्री टक्क आवाज आला आणि पट्टी एका टोकाला सुटली. टेप लावून बघितलं तर कडेला रुंदी १८ इंच आणि मध्ये ५ मिमी जास्त, म्हणजे पुढची काच चक्क फुगलेली. झोप उडाली राव, अर्धं पाणी रात्रीच काढलं.

घराजवळचा दुकानदार म्हणाला चार बोटं पाणी कमी करा, चिकटवून देतो, संध्याकाळी भरून टाका. ते ऐकूनच बाहेर पडलो. मग कुर्ल्याच्या एका टँक बनवणाऱ्या काकांचा नंबर मिळाला, त्यांनी फोनवरच सांगितलं की टँक पूर्ण रिकामा पाहिजे आणि मासे आठवडाभर बाहेर ठेवायची तयारी असेल तरच येतो.

आले दोन तास उशिरा. पण काम बघण्यासारखं. आधी जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं, अगदी नखाला लागणार नाही इतकं, कारण जुन्यावर नवीन नीट धरत नाही, मग अॅसिटोनने पुसलं. जुनी पट्टी नुसती टोकांवर चिकटवलेली होती, पकड काय ती काचेच्या जाडीएवढी, म्हणजे १० मिमी. काकांनी नवी ४ इंच रुंद पट्टी पुढच्या-मागच्या काचेच्या वरच्या कडेला आतून लावलेल्या लांब पट्ट्यांच्या खालून घातली, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पकड मिळाली. आतली रुंदी ४३७ मिमी आणि पट्टी ४३५ची कापून आणलेली, दोन्हीकडे एकेक मिमी सिलिकॉनसाठी. खालून टेकू म्हणून मापाचे पीव्हीसी पाइपचे तुकडे, बाहेरून सुताराचा लांब क्लॅम्प आणि त्याच्या जबड्यात जुन्या स्लीपरचे तुकडे 😄 क्लॅम्प पण मध्ये आणि कडेला माप सारखं येईपर्यंतच आवळला, त्यापुढे एक पीळ नाही. सिलिकॉन साधं, बुरशीनाशक नसलेलं, बाथरूमला वापरतात ते माशांना चालत नाही म्हणाले. दोन दिवस घरभर व्हिनेगरचा वास.

सात दिवस हात लावू नका म्हणाले, नाही लावला. ऑस्कर तेवढे दिवस बाथरूममधल्या निळ्या ड्रममध्ये, एअर पंप लावून, वर भाजीची जाळी कारण उडी मारतात, आणि फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवला, नाहीतर त्यातले बॅक्टेरिया मरतात. आंघोळीला आईची बोलणी रोज खाल्ली. आठव्या दिवशी अर्धा भरला, एक दिवस बघितला, मग पूर्ण. आता महिना झाला, मध्ये आणि कडेला माप सारखंच.

तक्रारी आहेतच. पुढच्या काचेवर ब्लेडचा बोटभर ओरखडा पडलाय, लाइट लावला की पहिला तोच दिसतो, आणि काका म्हणतात पाणी भरल्यावर दिसणार नाही. दिसतो. सिलिकॉनची फिनिशिंग पण लहान पोराने क्रीम फासल्यासारखी. १,४०० रुपये घेतले, बिल नाही.

४ स्टार. बोलवायचं असेल तर रविवारी फोन करू नका, त्या दिवशी दुकान सोडून हलत नाहीत.