दोन्ही बाजूंनी नेसता येणारी महेश्वरी

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघताना बेचाळीस साड्यांच्या कपाटात नेसावीशी वाटणारी एकही साडी मिळाली नाही, म्हणून त्याच आठवड्यात चौतीस साड्या नात्यागोत्यात वाटून टाकल्या. उरलेल्या आठांच्या जोडीला शाळा, लग्नघर आणि देवदर्शन या तिन्हींना चालेल अशी नववी साडी इंदूरच्या शीतलामाता बाजारातून घेतली, आणि ती चौदा महिने नेसल्यावर हे लिहीत आहे.

साडी महेश्वरी आहे. ताणा म्हणजे उभे धागे रेशमी, बाणा म्हणजे आडवे धागे सुती, रंग पिकल्या जांभळाचा, किंमत साडेतीन हजार. महेश्वर इंदूरहून सुमारे नव्वद किलोमीटरवर नर्मदाकाठी आहे. अहिल्याबाईंनी तेथे विणकर आणून वसवले असे सांगतात, आणि मंदावलेल्या मागांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटी या विणकरांसाठीच्या संस्थेने पुन्हा चालना दिली. यंत्रमागावरचा माल हातमागाचा म्हणून गळ्यात पडू नये यासाठी मी काठाची कड उजेडाला धरून पाहिली. विणताना कापड ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांची बारीक भोके तेथे ओळीने दिसली.

या साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, आणि मोजक्याच साड्यांत भागवायचे असेल तर हा गुण फार मोलाचा ठरतो. एका बाजूला डाग पडला किंवा रंग उतरला की साडी उलटून नेसावी, कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र फॉल लावला की ही सोय संपते. पिकोवाल्या काकांना मी फॉल नको म्हटले, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून, “ताई, निऱ्या पडणार नाहीत,” असे बजावले. ते अगदीच चुकीचे नव्हते: निऱ्या जरा फुलतात आणि वर्षभरात टाचेजवळची कड विसविशीत झाली. आता कच्च्या टाक्यांनी सुती फॉल लावते आणि साडी उलटायची वेळ आली की उसवते.

दुकानदाराविषयी तक्रार एवढीच, की “रंग पक्का आहे” हे त्याचे बोलणे पहिल्याच धुण्यात खोटे ठरले. थंड पाण्यात मीठ घालूनही बादली जांभळी झाली, शेजारी भिजवलेले पांढरे पोलके कामातून गेले, आणि विचारायला गेल्यावर पावतीवरचा ‘बदली नाही’चा शिक्का दाखवण्यात आला. जरीही आता काळवंडू लागली आहे.

उन्हाळ्याची कसोटी मात्र साडीने निभावली. मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी शाळेचा सहावा तास संपेपर्यंत ती अंगाला चिकटली नाही, आणि संध्याकाळी मोत्यांची माळ घालून तीच साडी मी भाचीच्या साखरपुड्याला नेसून गेले. अशी आणखी एक घ्यायची झाल्यास जरीऐवजी सुती काठाची घेईन. पण त्यासाठी नऊतली एक काढावी लागेल, आणि ती कोणती हे काही ठरत नाही.