मुलींच्या नावांची पुस्तिका : एका आत्याचे परीक्षण

भावाला मुलगी झाली तेव्हा नाव शोधण्याचे काम रीतीप्रमाणे माझ्याकडे आले, कारण पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो आणि त्या वेळी पाठीवर पडणारे धपाटेही तिलाच खावे लागतात. वहिनीची अट एकच होती : नाव जुने, ओळखीचे आणि ज्याच्यामागे कोणीतरी मोठी बाई उभी आहे असे हवे, आईच्या नावातले एक अक्षर आणि वडिलांच्या नावातले एक अक्षर जुळवून केलेले, ज्याचा अर्थ सांगताना आईबापांनाच मोबाइल उघडावा लागतो, असे नको. म्हणून परभणीच्या बाजारात, पंचांगे, व्रतकथा आणि भरती परीक्षांची गाइडे एकाच फळीवर मांडणाऱ्या एका दुकानातून मी १५० रुपयांना मुलींच्या नावांची पुस्तिका विकत घेतली. पुस्तिकेचे आणि प्रकाशकाचे नाव येथे देत नाही. मुखपृष्ठावरचे बाळ बदलले तर या प्रकारातल्या बहुतेक पुस्तिका एकमेकींच्या जागी सहज खपतील.

आधी चांगले सांगते. अक्षर मोठे आहे, त्यामुळे आमच्या आईला चष्म्याशिवाय वाचता आले. नावे अकारविल्हे लावलेली आहेत आणि सुरुवातीला नक्षत्र-चरणांच्या अक्षरांचा तक्ता दिला आहे, तोही बिनचूक. मात्र तक्ता बिनचूक असला म्हणजे उपयोगी असतोच असे नाही. आमचे बाळ हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मले आणि त्या चरणाचे अक्षर ‘ण’ आहे. ‘ण’ने सुरू होणारे एकही मराठी नाव माझ्या ऐकिवात नाही, पुस्तिकेने या अडचणीवर तोड म्हणून ‘न’ची नावे तिथे जशीच्या तशी पुन्हा छापली आहेत आणि पृष्ठसंख्या वाढवून घेतली आहे. (आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या बाळांचे अक्षर तर ‘ङ’ आहे, त्यांच्या आत्यांनी काय करावे ते पुस्तिकेलाच माहीत.) आमच्या गुरुजींनी मात्र दोन वाक्यांत प्रश्न मिटवला : राशीचे नाव पत्रिकेत राहते, व्यवहारातले नाव घरच्यांनी मनाप्रमाणे ठेवावे.

मी पुस्तिका घेतली होती ती ‘थोर स्त्रियांची नावे’ या सहा पानांच्या भागासाठी, आणि खरी निराशा तिथेच झाली. नाव, पुढे आडवी रेघ, पुढे एका शब्दात अर्थ, एवढीच तिथली मांडणी आहे. ‘आनंदी – हर्षयुक्त’ असे वाचून कोणाचे काय भागणार? मराठी घरात आनंदी हे नाव उच्चारले की दोन बायका एकदम समोर येतात. एक, नारायणराव पेशव्यांच्या १७७३च्या खुनाशी जिचे नाव लोकांनी ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून कायमचे जोडून टाकले ती आनंदीबाई. आणि दुसरी, १८८६मध्ये अमेरिकेतून वैद्यकीची पदवी मिळवून बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच वारलेली डॉक्टर आनंदीबाई जोशी. पहिलीच्या धास्तीने नाव टाळायचे की दुसरीच्या अभिमानाने ठेवायचे, हा नाव निवडणाऱ्यापुढचा खरा प्रश्न आहे आणि ‘हर्षयुक्त’ या शब्दात त्याचा मागमूसही नाही. त्यातही या डॉक्टर बाईंचे माहेरचे नाव यमुना होते. आनंदी हे नाव त्यांना लग्नानंतर मिळाले. झाशीच्या राणीही माहेरी मणिकर्णिका होत्या. ज्या नावांना आपण थोर म्हणतो त्यांतली कितीतरी नावे पाळण्यात ठेवलेली नव्हतीच, हे लक्षात आले तेव्हा आत्या म्हणून मला थोडे वाईटच वाटले.

‘सावित्री’च्या बाबतीतही तेच. वडाला सूत गुंडाळताना आठवते ती सावित्री वेगळी, आणि १८४८मध्ये पुण्यात भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवणारी, ३ जानेवारीला शाळाशाळांतून जिची जयंती साजरी होते ती सावित्री वेगळी. वहिनीला दुसरी हवी होती, तिच्या आईला पहिली, त्यामुळे नाव एकच असूनही दोघींचे एकमत झाले म्हणावे की नाही, हे शेवटपर्यंत ठरले नाही.

‘अहिल्या’ या नावावर आम्ही सर्वांत जास्त दिवस अडलो होतो. पुस्तिकेत ते दोनदा आले आहे : ‘अहल्या’ म्हणजे सुंदर आणि ‘अहिल्या’ म्हणजे पवित्र, जणू ही दोन निराळी नावे आहेत. आमच्या आईच्या मनात मात्र आधी गौतमाच्या शापाने शिळा झालेली बाईच येते. पहाटेच्या पंचकन्यांच्या श्लोकात पहिले नाव तिचेच असले तरी नातीला ते नाव नको, असे तिचे म्हणणे. (त्याच श्लोकात मंदोदरीही आहे आणि पुस्तिकेने तिलाही थोर स्त्रियांत घेतले आहे, पण मंदोदरी नावाची मुलगी मी अजून पाहिलेली नाही.) भावाच्या मनात मात्र होळकरांची अहिल्याबाई होती. ती १७२५मध्ये चौंडीला जन्मली, म्हणजे आमच्या बीड जिल्ह्याच्या शिवेपासून फार लांब नाही. वेरूळच्या घृष्णेश्वराचा आणि परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार तिने केला, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाला तिचे काम पाहायला इंदूर किंवा काशी गाठावी लागत नाही. आता तर शेजारच्या जिल्ह्यालाच तिचे नाव मिळाल्यामुळे ते एस.टी.च्या पाटीवरही वाचायला मिळते. एवढी माहिती चार ओळींत बसते. ती दिली असती तर आईची समजूत काढायला मला दोन संध्याकाळी खर्चाव्या लागल्या नसत्या, आणि त्या खर्चूनही ती निघाली नाही ती नाहीच.

जालन्याहून जवळच असलेल्या सिंदखेड राजाची जिजाऊ यादीत आहे. नाव तेजस्वी आहे, परंतु ते ठेवले की लोक पहिल्या दिवसापासून त्या मुलीकडे कोणाची तरी आई म्हणूनच पाहू लागतात, असा माझा अनुभव आहे. गंगाखेडची जनाबाई यादीत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या सत्तेविरुद्ध लढलेल्या जालना जिल्ह्यातल्या दगडाबाई शेळके नाहीत. दगडाबाई हे नाव आज कोणी ठेवणार नाही हे मला कळते. परंतु ‘थोर’ हा शब्द शीर्षकात वापरल्यावर केवळ कानाला गोड लागणारी नावेच निवडायची, हा खरेदीदाराशी केलेला उघड खोटेपणा आहे.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एका मोबाइल अ‍ॅपची शिफारस आहे. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ घालण्याचा सल्ला पैसे भरल्यावर मिळतो. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

त्या पानावर प्रत्यक्ष उपयोगाची माहिती देता आली असती. जन्मनोंदणी २१ दिवसांत करावी लागते. त्या वेळी नाव ठरलेले नसेल तर ते नंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते. त्यामुळे रुग्णालयातल्या अर्जावर घाईघाईने काहीतरी लिहून टाकण्याचे कारण नाही. शिवाय १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहिले जाते. जुनी, वजनदार नावे निवडताना हा क्रम मोठ्याने म्हणून पाहावा, कारण मुलीच्या नावाशेजारी आता तिच्या आईचे नाव कायमचे उभे राहणार असते. आम्ही अहिल्येचा नाद शेवटी सोडला तो आईच्या आग्रहामुळे जितका, तितकाच या क्रमात ते नाव वहिनीच्या चार अक्षरी नावाला जोडून म्हणताना जीभ अडखळत होती म्हणून.

जे नाव ठरले ते पुस्तिकेत होते, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. ‘मुक्ता – मोती’, एवढीच नोंद. मोती हा अर्थ चुकीचा नाही. परंतु गोदाकाठच्या आपेगावच्या कुळातली मुक्ताबाई, जिने रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना ताटी उघडायला लावली आणि योगी म्हणवणाऱ्या चांगदेवांचे गुरुपद भूषवले, तिला मोती म्हणून कसे चालेल? पुढे फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तेही नाव हेच. मोठ्या भावाला चार शब्द ऐकवणाऱ्या बहिणीचे नाव आत्याने सुचवावे, यात माझा थोडा स्वार्थ आहे हे भावाच्या लक्षात आले. “आक्का, हे तू मलाच सुनवायलीस,” असे म्हणून तो हसला आणि घुगऱ्यांसाठी हरभरे आणायला निघून गेला.

तेव्हा ज्यांना फक्त आद्याक्षरानुसार यादी हवी आहे त्यांनी ही पुस्तिका घ्यायला हरकत नाही, मात्र १५० रुपये जास्त आहेत. माझ्या प्रतीत मी ‘मोती’ या शब्दासमोरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने आपेगाव आणि १८५५ असे लिहिले, आनंदीसमोर दोन्ही बायकांची नावे लिहिली, जनाबाई समासात भरली आणि ती प्रत शेजारच्या लेकीला दिली. तिचे दिवस दिवाळीच्या सुमारास भरतात.