सोनार केल्ला की जय बाबा फेलुनाथ?

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी भाचरांना घराबाहेर सोडता येत नाही, म्हणून त्यांना फेलूदा या बंगाली गुप्तहेराचे दोन सिनेमे दाखवायचं ठरवलं. आता आधी कुठला?

दोन्हींमागची मंडळी बरीचशी तीच. पटकथा, दिग्दर्शन आणि संगीत सत्यजित राय यांचं, कॅमेरा सौमेंदू राय यांचा. फेलूदा सौमित्र चॅटर्जी, त्याचा रहस्यकथालेखक मित्र जटायू संतोष दत्त, चुलत भाऊ आणि मदतनीस तोपशे सिद्धार्थ चॅटर्जी.

'जय बाबा फेलुनाथ'ची (१९७९) खरी ताकद उत्पल दत्त. त्यांचा खलनायक मगनलाल मेघराज जटायूला फळीसमोर उभं करून त्याच्याभोवती सुरे फेकायला लावतो, तेव्हा संतोष दत्तांचा चेहरा बघत राहावा! घामाने भिजलेली, बोलती बंद झालेली भीती. शिवाय बनारसचे घाट आहेतच. सुरे फेकणारा म्हातारा अर्जुन म्हणजे कामू मुखर्जी. हाच माणूस 'सोनार केल्ला'त (१९७४) मंदार बोस झालाय, आणि मला दोन्ही वेळा चटकन ओळखू आला नाही. इतका तो बदलतो.

तरी मुलांसाठी मी 'सोनार केल्ला'च आधी लावेन. त्यात उत्पल दत्तांच्या तोडीचा खलनायक नाही, हे मान्य. पण मागचा जन्म आठवणारा मुकुल आहे, कुशल चक्रवर्तीने साकारलेला. त्याच्या डोळ्यांतलं ते एकटेपण शिकवून येत नाही. आणि आमची पोरं भुईकोट किल्ल्याच्या काळ्या तटाखालून रोज शाळेला जातात. जैसलमेरचा पिवळाधमक किल्ला पडद्यावर उगवला की ती जागची हलणार नाहीत.