सुवोनचा तट: गुडघ्यांसकट केलेली प्रदक्षिणा

आधीच सांगते, दक्षिण कोरियातल्या सुवोनला तटासाठी जा, कॅफेंसाठी जाऊ नका. भाचीने उलटं ठरवलं होतं. ती सेऊलमध्ये नोकरी करते. तिच्या मते किल्ला म्हणजे तासाभराचं काम आणि उरलेला दिवस हेंगनिदान-गिल नावाच्या कॅफेवाल्या गल्लीत. "मावशी, तुझे गुडघे आहेत ना," असंही वर ऐकवलं. गुडघे आहेत, म्हणूनच चालले.

सेऊलहून लाइन १ ची मेट्रो तासाभरात सुवोन स्टेशनला सोडते, तिथून पाल्दालमुनपर्यंत बस. पाल्दालमुन म्हणजे दक्षिणेची वेस, आता चौकाच्या मधोमध एकटीच उभी आहे. गाड्या तिला वळसा घालून जातात. तट डावीकडून थेट डोंगरावर चढतो. पाल्दालसान जेमतेम दीडशे मीटरचा, पण या बाजूच्या पायऱ्या खड्या. हा टप्पा सकाळीच उरका.

हा ह्वासोंग किल्ला राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये बांधला. त्याच्या बापाला, युवराज सादोला, १७६२ मध्ये आजोबानेच तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं होतं. नातू गादीवर आला, १७८९ मध्ये बापाची कबर या भागात हलवली आणि मग जवळच नवं शहर वसवून त्याला सुमारे पावणेसहा किलोमीटरचा तट घातला. दहा वर्षांचं धरलेलं काम तीन वर्षांच्या आत संपलं. जोंग याक-योंग या विद्वानाने दगड उचलायला कप्प्यांचं यंत्र रचलं होतं, हे एक कारण. मजुरांना वेठीला न धरता रोज दिला, हे दुसरं.

मला ज्याने जिंकलं ते वेगळंच. माझी अख्खी नोकरी बांधकामाच्या हिशेबात गेली. मोजमाप वहीत नोंद नसेल तर बिल पुढे सरकत नाही, ही आमची गीता. या राजाने काम संपल्यावर सगळ्याचा हिशेब लिहून काढायला लावला, तो छापून निघाला त्याच्या मृत्यूनंतर, १८०१ मध्ये: आराखडे, यंत्रांची चित्रं, साहित्य, खर्च, कारागिरांची नावं, कोण किती दिवस राबला आणि त्याला किती मिळालं. पुढे कोरियन युद्धात तटाची बरीच पडझड झाली. १९७० च्या दशकात ही वही उघडूनच तो पुन्हा उभा केला आणि १९९७ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. भाचीला म्हटलं, बघ, कारकुनाने किल्ला वाचवला. ती फोटो काढत होती.

वर सोजांगदे नावाची सेनापतीची जागा आहे, तिथून सगळं शहर दिसतं. शेजारी मोठी घंटा, पैसे भरून तीन ठोके द्यायचे, पहिला आईवडिलांसाठी. बापासाठी शहर वसवणाऱ्याच्या गावात हे शोभतं. पलीकडे उतरलात की पश्चिमेची वेस. मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेले, तेव्हा तटाबाहेर काशासारख्या पांढऱ्या तुऱ्यांचं गवत कमरेपर्यंत आलं होतं. या वेशीला लागून गोंगसिमदोन आहे, आतून पोकळ असा विटांचा बुरूज. खाली दगड, वर वीट, मध्ये जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं. उत्तरेच्या जांगआनमुनसमोर तर अर्धगोल भिंत आहे. आपल्याकडे तिला जिभी म्हणतात, हे भाचीला माझ्याकडून कळलं. तिने ते फोनमध्ये लिहून घेतलं, तेवढंच समाधान.

वेळ कमी असेल तर सरळ ईशान्येच्या कोपऱ्यात जा. सात कमानींखालून ओढा वाहतो आणि वर बांगह्वासुर्युजोंग. नाव म्हणता येईपर्यंत पोहोचाल. ही खरं तर पहाऱ्याची चौकी, पण वाकड्यातिकड्या छपराची इतकी देखणी की राजाची मौजेची जागा वाटते. जोडे काढून वर बसायचं. खाली तळं, तळ्याकाठी वडिलांच्या वयाचे गृहस्थ डबा खात होते, पोरं चटईवर लोळत होती. कोणी शिट्टी फुंकून उठवत नाही. मी पाऊण तास बसले. भाचीही गप्प बसली, हे विशेष.

पूर्वेच्या वेशीत भिंतीतला कोरलेला दगड चुकवू नका. बांधकामावरच्या माणसांची नावं आहेत त्यावर. पुढे पाच धुराड्यांचा संदेश-बुरूज: एक धूर म्हणजे सगळं ठीक, पाच म्हणजे लढाई जुंपली. नंतर तट बाजारात येऊन अचानक संपतो. पाटी मला तरी दिसली नाही. मुळे सोलणाऱ्या बाईंनी सुरीनेच रस्ता दाखवला. हा बाजार धावत पाहू नका. योंगदोंग भागात हानबोकचं, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाखाचं, कापड मिळतं, आणि पाल्दालमुन बाजारात दारू ओतणाऱ्या जोंगजोचा पुतळा आहे. खाली त्याचं वचन: झिंगल्याशिवाय घरी जायचं नाही.

राजवाडा, हेंगगुंग, बराचसा नव्याने बांधलेला. दीड-दोन हजार वॉनच्या तिकिटात अंगणातलं सहाशे वर्षांचं झाड बघायला मिळतं, पुरे. शेजारचं २०१५ मधलं कलासंग्रहालय मात्र वेळ काढून बघा. ना हे-सोक ही इथली, १८९६ चा जन्म, तैलरंगात काम करणारी पहिली कोरियन स्त्री चित्रकार. १९३४ मध्ये स्वतःच्या घटस्फोटावर उघडपणे लिहिलं, आणि समाजाने तिला वाळीत टाकलं. तिचं आत्मचित्र या संग्रहात आहे. सोमवारी मात्र दार बंद.

कॅफे? भाचीच्या हट्टापायी गेलो. चाळीस मिनिटं रांग, बोटभर केक, आणि बसायला पाठ नसलेलं स्टूल. माझ्या वयाच्या माणसाचा तो अपमान आहे.

त्यापेक्षा तोंगदाक गल्लीत जा. मोठ्या लोखंडी कढईत अख्खी कोंबडी तळतात, सोबत कोंबडीचेच पेटे आणि आंबटगोड मुळ्याच्या फोडी. वीस हजार वॉनच्या आसपास बिल, दोघींना पुरून उरलं. उरलेलं बांधून घेतलं. मेट्रोत पूर्ण डबाभर वास सुटला होता. भाची माझ्यापासून दोन सीट सोडून बसली.