टूटिंगला जाऊन फक्त डोसा खाऊन परत येऊ नका

लंडनमधल्या आपल्या मंडळींना दक्षिण लंडनमधलं टूटिंग माहीत असतं ते एकतर किराण्यासाठी नाहीतर डोशासाठी. ट्यूबच्या (म्हणजे इथल्या मेट्रोच्या) नॉर्दर्न लाइनने टूटिंग ब्रॉडवेला उतरायचं, स्टेशनबाहेर सातव्या एडवर्डच्या पुतळ्यापाशी उशिरा येणाऱ्या मित्राची वाट बघायची, मसाला डोसा हाणायचा, भेंडी-कारली पिशवीत टाकायची की चालले घरी. डोशाबद्दल तक्रार नाही हो, पण त्याच रस्त्यावर निम्मं जग जेवायला वाढतंय आणि आपण एकाच डोशापाशी अडकून बसलोय असं मला कायम वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडा नकाशा. चौकातून एक रस्ता टूटिंग बेककडे जातो तो अप्पर टूटिंग रोड, दुसरीकडे कॉलियर्स वूडच्या दिशेने जाते ती टूटिंग हाय स्ट्रीट, आणि तिसरा मिचम रोड. लोक बोलताना सगळ्यालाच हाय स्ट्रीट म्हणतात, मीही तेच करणारे. (रोमन लोकांनी लंडनहून चिचेस्टरला जो रस्ता काढला होता तो साधारण ह्याच लायनीत होता म्हणे, म्हणजे इथून भुकेले लोक जाताहेत त्याला दोन हजार वर्षं होत आली.) दिसायला रस्ता काही खास नाही, बसेस, मोबाईल कव्हरची दुकानं, चिकन शॉप, परत बस. पाट्या वाचत गेलात तरच मजा.

आता मुद्द्याचं. माझ्या मते ह्या रस्त्याचा राजा म्हणजे श्रीलंकन तमिळ हॉटेलं. श्रीलंकेतल्या 1983 च्या तमिळविरोधी दंगलींनंतर जाफन्याकडचे तमिळ लोक मोठ्या संख्येने लंडनला आले, त्यातले बरेच इकडे स्थिरावले, आणि त्यांनी जी छोटी छोटी हॉटेलं काढली ती अजूनही मुख्यतः त्यांच्याच लोकांसाठी चालतात. ट्यूबलाइटचा पांढरा प्रकाश, टीव्हीवर तमिळ चॅनल, टेबलं पुसलेली पण किंचित चिकट. सजावट बघून मागे फिरू नका प्लीज.

मागवायचं काय, तर कोत्तू रोटी. आणि जमलं तर तवा दिसेल अशा जागी बसा. मोठ्या सपाट लोखंडी तव्यावर आधी कांदा, मिरची, अंडं पडतं, मग रोटीचे तुकडे, वरून मटणाच्या रश्शाचा एक डाव, आणि मग तो माणूस दोन्ही हातात पत्र्याची पाती घेऊन जे कुटायला लागतो ना, टणटण टणटण, ते बाहेर फुटपाथवर ऐकू येतं. तो आवाज आला की समजायचं कोणाचं तरी ताजं बनतंय. चव म्हणाल तर आपली फोडणीची पोळी जिममध्ये जाऊन आली तर जशी होईल तशी, तिखट, ओलसर, जड. एक प्लेट दोघांत पुरते, नाही पुरली तर तुम्ही दुपारी जेवला नव्हतात.

मग हॉपर. तांदळाचं आंबवलेलं पीठ, नारळाचं दूध, छोट्या खोलगट कढईत गोल फिरवायचं, कडा जाळीदार कुरकुरीत आणि मधे मऊ. एग हॉपर घेतलात तर मधे अंडं फोडलेलं असतं. इथे एकच अट, हॉपर कढईतून थेट ताटात आला पाहिजे. एका ठिकाणी (नाव नको) मला पाच-सहा हॉपर एकावर एक रचून आणून दिले, सगळे घामेजलेले, एकमेकांना चिकटलेले, कडा चामड्यासारख्या. सांगितल्यावर पोरगा हसला आणि गेला. तेव्हापासून मी आधीच सांगतो, एकेक करून आण बाबा, आणि बहुतेक ठिकाणी आणतातही. सोबत पोल सांबोल मागा, ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू, कांदा. शाकाहारी लोकांनो थांबा जरा, त्यात बरेचदा मालदीव फिश म्हणजे वाळवलेल्या ट्यूनाचा चुरा घालतात आणि दिसायला काही कळत नाही, त्यामुळे विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. ‘व्हेज आहे का’ असं मोघम विचारू नका, ‘फिश आहे का’ असंच विचारा.

काउंटरच्या काचेत मटण रोल दिसतील, ब्रेडक्रम्स लावून तळलेले, आत मटण-बटाटा आणि मिरीचा ठसका. हे वाटेत खायला दोन बांधून घ्यायचे. घरापर्यंत पोचत नाहीत ही गोष्ट वेगळी.

डोसेवाल्यांवर अन्याय नको म्हणून सांगतो, हाय स्ट्रीटवरचं श्री कृष्णा 1973 पासून आहे आणि ते मुळात केरळी हॉटेल आहे, म्हणजे तिथे जाऊन केरळी पद्धतीचे मासे आणि भाज्या खायच्या सोडून नुसता मसाला डोसा मागवणं हा आपला आळस. सेंट जॉर्जेस हॉस्पिटल जवळच, त्यामुळे ह्या भागातल्या हॉटेलांत शिफ्ट संपवून आलेली मंडळी दिसतात, गळ्यात आयडी कार्ड तसंच. ते काय मागवतात ते बघा. हीच माझी ह्या अख्ख्या रस्त्यावरची पद्धत आहे, मेन्यू बाजूला ठेवायचा आणि ज्यांचं हॉटेल त्यांच्या माणसांच्या ताटात बघायचं. लाहोरी ठिकाणी गेलात तर बटर चिकन नको, लॅम्ब चॉप्स, निहारी (मंद आचेवर शिजवलेला मांसाचा दाट रस्सा), कढईतलं मटण, आणि तंदूरमधून येणारा नान. शुक्रवारी-शनिवारी रांग असते, आवाज इतका की बायकोशी भांडण असेल तर उत्तम जागा. बहुतेक लाहोरी हॉटेलांत दारू मिळत नाही, काही ठिकाणी स्वतःची आणलेली चालते, काही ठिकाणी अजिबात नाही, फोन करून विचारा उगाच पिशवी लपवत बसू नका.

गुजराती दुकानांत मोगो मिळतो. कसावाचे जाडे तुकडे तळून तिखट सॉसमध्ये घोळवलेले. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा जे इंग्लंडला आले ते हे आफ्रिकेतलं खाणं घेऊन आले, भारतातल्या गुजराती हॉटेलात सहसा दिसणार नाही. चहाबरोबर भारी लागतो, थंड झाला की रबर.

चौकाच्या आसपास दोन झाकलेले बाजार आहेत, टूटिंग मार्केट 1930 चं आणि ब्रॉडवे मार्केट 1936 चं. आत अरुंद गल्ल्या, एकीकडे मासळीवाला, शेजारी केसांचे विग, आणि त्याला लागून वाइन बार. इथे माझं मत जरा कडू आहे. वातावरण मस्त, तरुण गर्दी, पण बऱ्याच नवीन स्टॉलवर प्लेट एवढीशी आणि बिल बाहेरच्या पोटभर जेवणाएवढं, स्टुलावर बसायचं ते वेगळंच. मात्र कॅरिबियन जेवण कुठे दिसलं तर करी गोट सोडू नका. इंग्लंडमध्ये हॉटेलात मटण म्हणजे बहुतेक वेळा लॅम्बच, आणि हे चक्क बोकडाचं, हाडासकट, मंद आचेवर शिजवलेलं, हळदीचा रंग, स्कॉच बॉनेट मिरचीचा वास. सोबत नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात. बोकडाच्या मटणासाठी आसुसलेल्या माणसाला ह्याहून काय हवं.

बाकीचं पटकन. दारावर हिरवा-काळा स्टिकर असतो, 0 ते 5 असं हायजीन रेटिंग. इंग्लंडमध्ये तो लावायची सक्ती नाही (वेल्समध्ये आहे), म्हणून नसला तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या साइटवर बघून घ्या, दोन मिनिटांचं काम. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच घातलाय का ते बघा, ऑप्शनल लिहिलेला असेल आणि सर्व्हिस धड नसेल तर काढायला सांगता येतो, लाजू नका. गाडी आणू नका, पार्किंगमध्ये भूक मरते. शुक्रवार-शनिवार नॉर्दर्न लाइनची नाइट ट्यूब, म्हणजे रात्रभर चालणारी ट्यूब, टूटिंग ब्रॉडवेला थांबते, त्यामुळे उशिरा जेवलात तरी काळजी नाही. फक्त भाजी आणि मिठाई घ्यायची असेल तर जेवायच्या आधीच घ्या, कोत्तूनंतर दुकानं उघडी असली तरी पिशवी उचलायची ताकद राहत नाही.